रविवारचे साडेदहा ते दीड

मुंबईत ब्रंचला कुठं जावं असं कुणी विचारलं, की मी उलट दोन प्रश्न विचारते. राहता कुठं आणि सोबत कोण आहे? रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. बहुतेकदा तो माटुंगा ते मुलुंडच्या दरम्यान, सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन चारपर्यंत चालतो. म्हणजे डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांनी लवकर निघायला हवं. सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असतील, तर फुटपाथवर पाऊण तास उभं ठेवणारी ठिकाणं बाद. लहान मूल असेल तर त्याला हातात धरता येईल असं काहीतरी ताटलीत हवं. एवढं कळलं की जागा सुचवणं सोपं जातं.

पण मनातून मला सांगायचं असतं ते वेगळंच, आणि ते फोनवर सांगून होत नाही. या शहरातली रविवारची सकाळ आपल्याला कुणी आपसूक दिलेली नाही. ती कुणीतरी मागून, भांडून मिळवली आहे. त्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे जन्मले ठाण्यात; जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे आतली परिस्थिती त्यांना ठाऊक होती. कापड गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. बायका आणि मुलंही तिथं राबत, आणि आठवड्याची म्हणून ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारो कामगारांच्या सह्यांचा आणि अंगठ्यांचा अर्ज दिला, सभा घेतल्या. रविवारच का हवा, तर तो खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारखीला ही तारीख पाठ असायला हवी होती. शाळेत मात्र ती कुणी शिकवली नाही, घरात कळली.

घरात म्हणजे आजोबांमुळे. आजोबा संगमेश्वरकडचे. मुंबईत आले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत एका गावचे लोक. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, वर दोरीवर कपडे. दिवसपाळीचे बाहेर पडले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. अशा खोलीत चूल कुठून असणार? जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. चाळीतलीच एखादी बाई, बरेचदा विधवा किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाही अशी, दहा-पंधरा माणसांना दोन वेळा वाढायची आणि महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी व्हायचा. भाकरी, आमटी, भात, एखादी भाजी किंवा सुकट. रविवारी मात्र वशाट. आठवडाभर भोंग्यावर उठणारा माणूस त्या दिवशी उशिरा उठे, नळावर निवांत आंघोळ करी, दाढी करून घेई आणि अकराच्या सुमारास मटणाच्या वासावर खानावळीत पोहोचे. न्याहारी आणि जेवण एकच. 'तेव्हा कुठं घास लागायचा,' असं आजोबा म्हणायचे. आठवडाभर जे पोटात जायचं ते काम करण्यापुरतं, आणि रविवारचं ते जेवण.

या खानावळवाल्या बायकांविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं. गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, ते यांच्यासाठीच. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं म्हणजे वाण्याकडे उधारी आणि सावकाराचं कर्ज आलंच. प्रेमाताईंनी या बायकांना बँकेच्या दारात नेलं आणि स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्यांनाच पगार नाही, तर जेवू घालणारीनं किती दिवस तग धरावा? आमच्या चाळीतल्या खानावळी मी लहान असताना एकेक करून मिटल्या.

आज तरुण मंडळी ब्रंच म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर बरेचदा हाच परिसर असतो. फिनिक्स, कमला, मथुरादास या गिरण्यांच्या आवारांमध्ये कॅफे आहेत, मोठ्या खिडक्यांची हॉटेलं आहेत. माझी भाची तिथंच जवळ नोकरीला आहे. तिच्याबरोबर मी जाते. एग्ज बेनेडिक्टमधलं पिवळं सुरी लावल्याबरोबर वाहायला हवं, आणि पांढरं मात्र घट्ट हवं. ते जमवणाऱ्या हाताचं मला कौतुक आहे. तिथल्या स्वयंपाकघरातली मुलंही चौदा-पंधरा तास उभी राहून काम करतात. पण फिनिक्सच्या आवारातली चिमणी मी भाचीला दर वेळी दाखवते. तिचे पणजोबा कुठल्या गेटातून आत जायचे, ते सांगते. ती ऐकते. तिला ते माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते.

गिरणगावातच पोट भरायचं असेल तर लालबागच्या हमरस्त्यावर लाडू सम्राट आहे. कोथिंबीर वडी, थालीपीठ, मिसळ, वर पियुष. खाऊन झालं की चिवडा गल्लीतून चालत जावं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर जवळच्या मसाल्याच्या गल्लीत डंकीवर मिरची कुटत असतात. बायका गावाकडच्या यादीप्रमाणे धने, बडीशेप, दगडफूल, त्रिफळं मोजून घेतात आणि कुटून होईपर्यंत तिथंच बाकावर बसून राहतात. नाकात ठसका बसतो, तरी मला तिथून लवकर निघवत नाही.

आता माटुंगा. एकच जागा सांग, असं कुणी म्हटलं तर मी माटुंगा सांगते.

१८९६ च्या प्लेगनंतर गजबजलेल्या दक्षिण मुंबईतली वस्ती पसरवण्यासाठी सरकारनं १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांची, झाडांची, बागांची वस्ती उभी राहू लागली. दक्षिणेकडून इंग्रजी शिकून आलेले कारकून, टंकलेखक, लघुलेखक इथं येऊन राहिले. त्यांच्यातले कितीतरी एकटे होते. लग्न झालेलं असलं तरी बायको गावी. त्यांच्याही खोलीत चूल नव्हती. मग उडुपी-मंगळूरच्या बाजूनं आलेल्या माणसांनी त्यांच्यासाठी चुली पेटवल्या. लहानपणीच मुंबईत येऊन दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबलेल्या रामा नायकांनी माटुंगा स्टेशनला लागून १९४२ मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. 'बोर्डिंग' या शब्दात सगळं आलं. केळीच्या पानावरचं ते जेवण आजही मिळतं. उशिरा उठून थेट जेवायचंच असेल, तर दार उघडायच्या वेळेला तिथं हजर राहावं.

न्याहारीकडे झुकणारं पोट असेल तर किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास. हे १९४० चं. रविवारी बाहेर यादी असते. नाव आणि माणसं किती ते सांगायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं. या उभं राहण्याला लोक कंटाळतात. मला ते आवडतं. समोरच्या झाडाखाली एकाच वेळी तमिळ, गुजराती, मराठी, कोकणी कानावर पडते. एखादे पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे दक्षिणी लुंगीतले, आजोबा देवळातून थेट आलेले असतात, कपाळावरचं भस्म अजून ओलं. शिवाजी पार्कवर धावून आलेला मुलांचा घोळका घामेजलेल्या टी-शर्टात, आणि नव्या लग्नाचं एक जोडपं, ज्यातल्या सुनेला सासरचे 'इथलं खाऊन तर बघ' म्हणून घेऊन आलेले. नाव पुकारलं की आत जायचं आणि जिथं जागा असेल तिथं बसायचं. चौघांच्या टेबलावर तुम्ही दोघं असाल तर समोर दोन अनोळखी माणसं असणार.

तिथला रसम वडा सांगते. वाटीत वडा येतो, अर्ध्याहून अधिक बुडालेला. उडदाचा वडा ताजा तळलेला असतो, त्यामुळे रसमात पडला तरी लगेच विरत नाही. चमच्यानं तोडला की वरची कड जराशी चिवट लागते, आतलं जाळीदार पीठ रसम पिऊन जड झालेलं असतं. रसममध्ये मिरी पुढे, चिंच मागे, आणि गिळल्यावर घशात हिंग. पहिला घास गरम असताना घ्यावा. मग दोन मिनिटं थांबावं, तेवढ्यात नाचणीचा डोसा येतो, तो निम्मा खावा आणि परत वड्याकडे वळावं. तोवर वडा पार मऊ झालेला असतो, आणि तीच वाटी आता दुसऱ्या पदार्थाची वाटते. हे मला समोर बसलेल्या एका तमिळ आजींनी सांगितलं. 'घाई का करतेस?' म्हणाल्या, चांगल्या मराठीत. पन्नास वर्षं माटुंग्यात काढली होती त्यांनी. त्यांच्यासमोर बसले नसते तर मी तो वडा गरम असतानाच संपवून मोकळी झाले असते.

कॉफी शेवटी. टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, आणि डबऱ्यातून टंबलरमध्ये, हात जमेल तेवढा वर नेऊन. फेस आला की थांबायचं.

ही सगळी धावपळ करणारी मुलं कुठून येतात, याचाही विचार टेबलावर बसल्यावर मनात येतो. उडुपी हॉटेलांत कामाला आलेली पोरं एकेकाळी दिवसभर कपबशा विसळून रात्री शाळेत जायची. मुंबईत कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा होत्या, त्या याच मुलांनी भरलेल्या असायच्या. त्यातले कितीतरी पुढे शिकले, बँकांत लागले, स्वतःची हॉटेलं काढली. आजही रविवारी आपण निवांत बसतो तेव्हा त्यांचा आठवड्यातला सगळ्यात कठीण दिवस असतो. माटुंग्यातल्या यातल्या जुन्या जागा सोमवारी बंद असतात. त्यांचा रविवार सोमवारी. 'सोमवारी गेलो आणि दार बंद' म्हणून चिडणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी लोखंड्यांची गोष्ट त्यांनाही सांगते.

खाऊन झाल्यावर लगेच घरी जाऊ नये. माटुंग्याच्या बाजारात केळीची पानं, कच्ची केळी, कढीपत्त्याच्या ताज्या जुड्या, अबोलीचे आणि मोगऱ्याचे गजरे रांगेनं मांडलेले असतात. मैसूर कन्सर्नमधून कॉफीची पूड घ्यावी. चिकोरी किती हवी ते तिथं विचारतात, त्याचं उत्तर घरून ठरवून जावं.

सोबत मांसाहारी मंडळी असतील, किंवा गप्पा मारायला मित्र असतील आणि खाणं दुय्यम असेल, तर माझं बोट दक्षिणेकडे वळतं. धोबी तलावावर, मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे. १९०४ पासून. इराणच्या यझ्द आणि कर्मान भागातून आलेल्या झोरोस्ट्रियन लोकांनी शहरभर अशी हॉटेलं काढली. कोपऱ्यावरचं दुकान अशुभ अशी इतर व्यापाऱ्यांची समजूत होती म्हणून इराण्यांना कोपरे मिळाले, असं जुने लोक सांगतात. कोपरा म्हणजे दोन रस्त्यांकडून उजेड, दोन बाजूंनी गिऱ्हाईक. संगमरवरी पाट्याची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या.

मला त्यांचं मोठेपण वेगळ्या कारणानं वाटतं. ज्या काळात शहरातल्या कितीतरी खाणावळी जात विचारून पाट मांडत, त्या काळात इराण्यानं चहाचा कप पुढे करताना काहीही विचारलं नाही. गोदीतला हमाल, कोर्टातला वकील, एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी आणि बोटीवर निघालेला गोयंकार एकाच दगडी टेबलाशी बसले. गोयंकारांचा उल्लेख मुद्दाम केला. धोबी तलावाच्या आसपास गोव्यातल्या गावांचे कूड होते, काही अजून आहेत. एका गावचे लोक, एक मोठी खोली, भिंतीला पेट्या, मधे देव्हारा. बोटीवर कामाला जाणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक तिथं बोलावणं येईपर्यंत राहत. लालबागची गावकीची खोली आणि धोबी तलावाचा कूड या दोन्हींतल्या माणसांना सकाळी चहा-पाव लागायचाच.

कयानीत ब्रून मस्का मागवा. ब्रून म्हणजे वरून कडक पाव, बनपेक्षा अगदी निराळा. सुरीनं मधोमध कापतात तेव्हा कवच तडकल्याचा आवाज टेबलापर्यंत येतो. आत अमूल लोण्याचा जाड थर, काठापर्यंत नीट पसरलेला. कोरडा खायला गेलात तर टाळू सोलते. त्याचं टोक चहात बुडवायचं आणि मनातल्या मनात तीन म्हणेपर्यंत धरायचं. कवच नमतं पण मोडत नाही, लोणी कडेनं वितळून चहावर पिवळे डोळे तरंगू लागतात. तो चहा दाट आणि गोड असतो, मुळात या पावासाठीच बेतलेला. नंतर अकुरी घ्या किंवा खिमा पाव. अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी, पण ओलसर ठेवलेली. आपल्याकडे भुर्जी परतून परतून कोरडी करतात, तशी नाही. शेवटी कॅरमल कस्टर्ड. घरी नेण्यासाठी मावा केक आणि खारी.

कयानीसमोर बस्तानी होतं, ते बंद झालं. एकेकाळी शहरात शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेलं आता फार थोडी उरली आहेत. पुढची पिढी दुसरीकडे गेली, भागीदारांचे वाद झाले, इमारती पाडल्या गेल्या, जागेला सोन्याचा भाव आला. या शहरात स्वस्त चहा विकून कोपऱ्यावरची जागा राखणं हे किती अवघड आहे, याची कल्पना करा. म्हणून मी म्हणते, 'वाचवा' असं लिहिण्यापेक्षा जाऊन बसा, पोटभर खा आणि बिल द्या. मरीन लाइन्सचं ससानियन १९१३ चं, कुलाब्याचं ऑलिंपिया १९१८ चं. ऑलिंपियात सकाळचा खिमा खायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात. तिथं कलेजीही मिळते, ती आवडणाऱ्यांनी चुकवू नये.

दादरविषयी मला थोडक्यात लिहिणं जमत नाही, पण प्रयत्न करते, कारण मराठी वाचकाला दादर माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि प्रत्येकाचं हॉटेल आधीच ठरलेलं असतं. स्टेशनबाहेरचं मामा काणे १९१० चं. तिथला बटाटावडा साधा आहे, लसूण-आल्याचा उगाच मारा नाही, आणि चटणी ओली. गडकरी चौकातलं आस्वाद १९८६ मध्ये सुरू झालं. २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहबनं तिथल्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं, तेव्हा दादरकरांनी आपल्या घरात बक्षीस आल्याच्या आनंदात एकमेकांना फोन केले. मला स्वतःला मिसळीपेक्षा तिथलं थालीपीठ जास्त आवडतं. लोण्याचा गोळा मधल्या भोकाजवळ ठेवावा आणि वितळू द्यावा. शिवाजी पार्कच्या बाजूला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा. वरचं कवच खमंग, आतला दाणा मोकळा, दाण्याचं कूट जाडसर. बरोबर पियुष. वडील माणसांना घेऊन जायचं असेल तर दादर उत्तम. तेलकट नको म्हणणाऱ्यांसाठी उकडीचं, डाळिंबी उसळीचं काही ना काही मिळतं, आणि त्यांच्या ओळखीचं कुणीतरी शेजारच्या टेबलावर भेटतंच. ते भेटणं त्यांना खाण्यापेक्षा मोलाचं वाटतं, हे मी आईबरोबर जाताना दर वेळी पाहते.

गिरगाव मात्र मी हल्ली कमी सुचवते. विनय हेल्थ होमची मिसळ आहे, पणशीकरांचं पियुष आहे, पण खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं, तेव्हापासून माझं तिकडे जाणं थोडं कमीच झालं आहे. ही माझी वैयक्तिक बाब. तुम्ही जरूर जा.

भेंडी बाजारात नूर मोहम्मदी आहे, १९२३ पासून. नल्ली निहारी ही मुळात सकाळचीच. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, हाडातला मगज रश्श्यात उतरलेला, वर आल्याचे बारीक काप आणि लिंबू. लवकर उठणाऱ्यांसाठी हे ठिकाण, आणि ते खाल्ल्यावर दुपारी दुसरं काही होत नाही हेही ध्यानात ठेवा. घाटकोपर-कांदिवलीकडे राहणाऱ्यांना फाफडा-जिलबीसाठी मी काय सांगणार? त्यांच्या कोपऱ्यावरचं फरसाणाचं दुकान त्यांना पुरेसं आहे. फक्त फाफडा आधीचा तळून ठेवलेला नको, कढईतून निघताना उभं राहून घ्यावा, सोबत पपईचा संभारो आणि तळलेली मिरची. व्हीटीसमोर पंचमची पुरी-भाजी उभ्या-उभ्या गिळणाऱ्यांची आहे, गाडी पकडणाऱ्यांची. तिथं निवांत बसायचं नसतं. पण उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसानं गाडीतून उतरलेल्या माणसांसाठी पुऱ्या तळाव्यात, आणि ते इतकी वर्षं चालावं, ही गोष्ट या शहराबद्दल पुष्कळ सांगते.

बड्या हॉटेलांतल्या रविवारच्या बुफेबद्दल लोक हमखास विचारतात. कुणाचा साठावा वाढदिवस असेल, परदेशातून भाऊ आला असेल, तर जा. खाणं चांगलं असतं, मुलं खूश होतात. मला तिथं एकच उणीव जाणवते. दोन टेबलांमध्ये इतकं अंतर असतं की कुणी 'घाई का करतेस' म्हणून सांगायला जवळ नसतं.

राहिलं चेंबूर. १९४७ नंतर सिंधमधून निघालेली माणसं मुंबईत आली, त्यांच्यासाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली, तिचं पुढं उल्हासनगर झालं, आणि चेंबूरलाही कॅम्प उभा राहिला. आज तिथं बराकींच्या जागी इमारती आहेत, पण लोक अजून 'कॅम्प'च म्हणतात. घर, शेत, दुकान मागे ठेवून आलेल्या माणसांनी रविवारची डाळ-पकवान मात्र सोडली नाही. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण तिथंच वाढली. तिच्या घरी आजी शनिवारी रात्री हरभऱ्याची डाळ भिजवायची. डाळ अशी शिजवायची की दाणा बोटानं चिरडला जावा पण भांड्यात अख्खा दिसावा. जिरं, हळद, आमचूर, वरून तुपाची फोडणी. पकवान म्हणजे मैद्याची मोठी, कडक, टोचे मारून मंद तेलात तळलेली पुरी. ती फुगता कामा नये.

कॅम्पातल्या विग या उपाहारगृहात डाळ-पकवान मिळते. ताटलीत डाळ, तिच्यावर चिंचेची आणि हिरवी चटणी, कच्चा कांदा, बाजूला दोन पकवान. मैत्रिणीनं मला खायची रीत शिकवली. पकवान सगळं एकदम मोडून डाळीत टाकायचं नाही. हाताएवढा तुकडा तोडायचा, त्यानंच डाळ उचलायची आणि कुरकुरीत असताना तोंडात टाकायचा. शेवटचा तुकडा मात्र डाळीत मुद्दाम विसरायचा, भिजू द्यायचा. पलीकडे झामामध्ये गुलाबजाम आहेत, त्यासाठी पोटात जागा ठेवायची.

येत्या रविवारी मी भाचीला तिथं नेणार आहे. तुम्हीही येत असाल तर कुर्ल्याहून हार्बरची गाडी धरा, स्टेशनबाहेरून कॅम्पासाठी रिक्षा मिळते. अकराच्या आत पोहोचलेलं बरं, उशीर झाला तर डाळ मिळेलच असं नाही.